अध्यक्षांनंतर कोण, यापेक्षा अध्यक्षांना हलवणार कोण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या सामाजिक संस्था पिढ्यानपिढ्या कशा टिकवायच्या यावर मध्यंतरी आपल्या पेपरात लेख आला होता. लेख चांगला होता, पण सगळा भर "दुसरी फळी" वर होता, म्हणजे अध्यक्षांनी तरुणांना तयार करावं, त्यांच्यावर जबाबदारी टाकावी वगैरे. बरोबरच आहे हो, कोण नाही म्हणतंय. पण मी बरीच वर्षं एका मोठ्या संस्थेच्या कार्यकारिणीवर काढली आहेत आणि माझं मत विचाराल तर दुसरी फळी नाही ही तक्रारच खोटी आहे. दुसरी फळी असतेच. तिला कुणी काही करू देत नाही एवढंच. तिशीतला माणूस येतो, वीसेक वर्षं सतरंज्या उचलतो, आभार प्रदर्शन करतो, आणि पन्नाशी उलटली की त्यालाच सांगतात की आता तरुणांना संधी द्यायला हवी. अध्यक्ष मात्र तेच.

म्हणून मला वाटतं प्रश्न वेगळा विचारायला पाहिजे. या संस्थेच्या सभासदांना आपल्या अध्यक्षांना सभ्यपणे, नियमाने, कोर्टकचेरी न करता घरी पाठवता येतं का? येत असेल तर ती संस्था टिकेल अशी आशा तरी धरता येते. येत नसेल तर संस्था अध्यक्षांच्या तब्येतीवर चाललेली आहे, मग तिच्या किती शाखा आहेत आणि किती इमारती आहेत याला काही अर्थ नाही. आणि ही सोय करून ठेवणं हे दुसऱ्या कुणाचं नाही, खुद्द अध्यक्षांचंच काम आहे, आणि तेही ते लोकप्रिय असतानाचं, कारण एकदा लोकं कुजबुजायला लागली की मग कुठलाही नियम बदलायला गेलं की तो कुणाच्या तरी विरोधातलाच वाटतो.

याचं मला सगळ्यात भारी वाटणारं उदाहरण म्हणजे साल्व्हेशन आर्मी, ही गोरगरिबांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था. विल्यम बूथने 1865 साली लंडनच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं, 1878 मध्ये हे नाव घेतलं आणि लष्करासारखी रचना केली, सगळ्यात वर जनरल, आणि जनरल अर्थातच तो स्वतः. 1878 च्याच दस्तात लिहिलेलं की पुढचा जनरल कोण हे आधीचा जनरलच ठरवणार, बंद पाकिटात नाव लिहून ठेवायचं आणि तो गेल्यावर पाकीट फोडायचं. 1912 मध्ये बूथ गेला, पाकीट फोडलं, नाव निघालं थोरल्या मुलाचं, ब्रॅमवेलचं. आता इथपर्यंत गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, नाही का? पण बूथने मरायच्या आठ वर्षं आधी, 1904 मध्ये, आणखी एका दस्तावर सही करून ठेवली होती. त्यात अशी तरतूद होती की जनरल काम करायला लायक राहिला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांचं एक मोठं मंडळ, त्याला हाय कौन्सिल म्हणतात, बोलवता येईल आणि ते मंडळ जनरलला काढून नवा निवडू शकेल. पंचवीस वर्षं तो कागद पडून होता. मग 1929 मध्ये ब्रॅमवेल सत्तरी ओलांडलेला, आजारी, पद सोडायला तयार नाही, आणि त्यानंतरचं पाकीट पुन्हा घरातल्याच कुणाच्या नावाने निघेल अशी भीती, तेव्हा अधिकाऱ्यांनी तो कागद बाहेर काढला. भांडण झालं, कोर्टातही गेलं, पण शेवटी हाय कौन्सिलने संस्थापकाच्याच मुलाला पदावरून काढलं आणि एडवर्ड हिगिन्स नावाच्या अधिकाऱ्याला निवडलं. दोन वर्षांनी कायदा करून ती पाकिटाची पद्धतच बंद केली. तेव्हापासून जनरल निवडून येतो आणि काम शंभराहून जास्त देशांत चाललंय.

ब्रॅमवेलबद्दल मला वाईट वाटतं, खरंच. वडिलांच्या हाताखाली कित्येक दशकं त्याने सगळा कारभार ओढला होता, संस्था उभी राहिली त्यात त्याचा वाटा फार मोठा, आणि काढल्यावर काही महिन्यांतच तो गेला. म्हणजे ही काही खलनायकाची गोष्ट नाहीये. म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे, कारण संस्था खलनायकांमुळे क्वचित बुडतात, त्या बुडतात चांगल्या माणसांना "आता पुरे" म्हणता न आल्यामुळे. आपल्याकडे तर हे म्हणणं म्हणजे पापच. ज्यांनी आयुष्य दिलं त्यांना उठ म्हणायचं? कोण म्हणणार? कुणीच नाही म्हणत आणि मग अध्यक्ष व्हीलचेअरवरून सभेला येतात, ठराव दुसराच कुणीतरी वाचतो आणि सह्यांचे अधिकार कुणाच्या हातात आहेत हे कुणालाच धड माहीत नसतं.

याच्या उलट स्वामी विवेकानंद. रामकृष्ण मिशन 1897 चं. 1901 मध्ये बेलूर मठाची मालमत्ता ट्रस्टींच्या नावे केली, अध्यक्षपद ब्रह्मानंदांकडे गेलं, आणि स्वतः विवेकानंद नुसते बाजूला झाले. वय किती, तर अडतीस. पुढच्या वर्षी ते गेले, पण ते गेले तेव्हा अध्यक्षपद रिकामं झालंच नाही, कारण ते आधीच दुसऱ्याकडे होतं. ब्रह्मानंद पुढे 1922 पर्यंत अध्यक्ष होते. संस्थापकाची लोकप्रियता शिगेला असताना झालेला हा बदल, आणि आम्ही कार्यक्रमांत विवेकानंदांचे फोटो लावतो, हार घालतो, त्यांचं हे पद सोडणं मात्र कुणाच्या भाषणात ऐकलं नाही मी आजवर.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की सारखे अध्यक्ष बदलले तर कामात सातत्य कसं राहणार. हा मुद्दा मी इतक्या वेळा ऐकलाय की पाठ झालाय. रोटरी बघा ना. 1905 सालची संघटना, जागतिक अध्यक्ष दर वर्षी नवा, एक वर्ष झालं की उतरायचं, आणि पुढच्याचं नाव आधीच ठरलेलं असल्यामुळे तो तोवर शिकत असतो. या लोकांनी 1985 मध्ये पोलिओ हटवायचं काम हातात घेतलं आणि ते अजून सोडलेलं नाही. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण 2011 मध्ये सापडला आणि 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे तोवर त्यांचे जवळपास तीस अध्यक्ष येऊन गेले असतील, कुणाचं नाव आठवतंय का तुम्हाला? मला नाही आठवत. काम राहिलं, कारण ते अध्यक्षांचं कधी नव्हतंच, संघटनेने ठरवलेलं होतं, त्याला पगारी ऑफिस होतं, पैसे वेगळे बाजूला काढलेले होते. सातत्य टिकवायला माणूस खुर्चीला बांधून ठेवावा लागत नाही.

हां, याच्या विरुद्ध उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती 1863 मध्ये जीनिव्हात पाच जणांनी सुरू केली. ज्याच्या डोक्यातून ती निघाली तो आंरी द्युनाँ 1867 मध्ये धंद्यात दिवाळं निघाल्यामुळे समितीतून गेला, पुढे बरीच वर्षं हलाखीत काढली आणि 1901 मध्ये त्याला पहिलं शांततेचं नोबेल अर्धं मिळालं. आणि अध्यक्ष कोण, तर गुस्ताव्ह मोयनिए, 1864 पासून 1910 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे 46 वर्षं! माझं म्हणणं खोडायला एवढं एकच उदाहरण पुरे असं वाटेल. पण नीट बघितलं तर तिथे अध्यक्षांच्या हातात होतं तरी काय? 1864 मध्येच जीनिव्हा करार झाला, त्यावर देशांच्या सह्या, आणि प्रत्येक देशाची रेडक्रॉस स्वतंत्र, तिचे पैसे, माणसं, निर्णय तिचे तिच्याकडे. जीनिव्हातला अध्यक्ष 46 वर्षं बसला म्हणून बाकीच्यांचं काही अडत नव्हतं. म्हणजे मुदत घाला किंवा अधिकार वाटा, दोन्हीपैकी एक तरी करा. आमच्याकडे दोन्ही नसतं. प्रत्येक शाखेने कपाट घ्यायचं तरी मुख्य कार्यालयाची मंजुरी, आणि मुख्य कार्यालय म्हणजे अध्यक्षांचा मूड.

आता सभासदांबद्दल. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण लेखात हे अजिबातच नव्हतं. मोठी संस्था म्हणवून घेणाऱ्या कितीतरी ठिकाणी सभासदांची यादीच अद्ययावत नसते. गेलेल्या माणसांची नावं तशीच, पत्ता बदललेले तसेच, आणि नवीन सभासदत्वाचे अर्ज "विचाराधीन". हे आळसाने होतं असं मला आधी वाटायचं, आता वाटत नाही. जुनी यादी म्हणजे जुनी मतं. नवीन माणसं आली की गणित बदलतं, म्हणून अर्ज पडून राहतात. मग वार्षिक सर्वसाधारण सभा येते, नोटीस अशा बेताने निघते की मिळेपर्यंत सभा होऊन गेलेली असते, कोरम भरत नाही, मग नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा त्याच ठिकाणी, तिला कोरम लागत नाही, आणि सूचक अमुक अनुमोदक तमुक करत सगळे विषय मंजूर. अर्ध्या तासासाठीची सोय आहे ती, पण अख्खी संस्था वर्षानुवर्षं त्या अर्ध्या तासावर चालते. हिशोबाचं पुस्तक टेबलावर असतं, ते उघडणाऱ्याकडे सगळे असं बघतात जणू त्याने चोरीचा आळ घेतला. आणि कुणी प्रश्न विचारलाच तर "आपण सगळे सेवाभावाने काम करतो" हे उत्तर. सेवाभाव आहे म्हणून बेरीज तपासायची नाही हे कुठलं लॉजिक?

क्लॅरा बार्टन यांचं उदाहरण इथे द्यायला हवं. अमेरिकन रेडक्रॉस त्यांनी 1881 मध्ये उभी केली, बाई कर्तबगार होत्या यात शंकाच नाही, यादवी युद्धात जखमींची सेवा केलेल्या, पूर आला वादळ आलं की साठी-सत्तरीतही स्वतः जागेवर हजर. पण कारभार सगळा त्यांच्याभोवती. संस्थेचं काय आणि त्यांचं स्वतःचं काय हे वेगळं ठेवलेलं नाही, हिशोब नीट नाहीत अशी टीका व्हायला लागली आणि शेवटी 1904 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना कटू वातावरणात राजीनामा द्यावा लागला. त्यांनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये, उलट स्वतःचेच घातले असतील. पण कागद नसला की प्रामाणिक माणसालाही प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. 1905 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने संस्थेला नवी सनद दिली, त्यात दर वर्षी जमाखर्चाचा अहवाल द्यायचा, तो सरकारने तपासायचा असं घातलं. संस्था आजही आहे. वीस वर्षं आधीच हे केलं असतं तर बाई सन्मानाने निवृत्त झाल्या असत्या असं मला राहून राहून वाटतं.

पैशाबद्दल एकच गोष्ट सांगते. शिकागोत जेन अॅडम्स यांनी 1889 मध्ये हल हाउस सुरू केलं, परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी, पुढे त्यांना 1931 चं नोबेल मिळालं, म्हणजे नावाला तोड नाही. ती संस्था जानेवारी 2012 मध्ये एकदम बंद पडली, दिवाळखोरीत. कारण काय, तर बहुतेक सगळं उत्पन्न सरकारी पैशांचं झालेलं आणि मंदीत ते आटलं, गरजू वाढले आणि तिजोरी रिकामी. शंभर वर्षांहून मोठं नाव सुद्धा पगाराच्या तारखेला उपयोगी पडत नाही. इमारत आहे, त्यात म्युझियम आहे. उत्पन्नाचा एकच मोठा स्रोत असेल, मग तो सरकार असो, एखादी कंपनी असो किंवा एक श्रीमंत देणगीदार, तर त्या स्रोताने हात आखडता घेतल्यावर काय करायचं याचा विचार बरे दिवस असतानाच झाला पाहिजे आणि तो कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहिलेला पाहिजे, अध्यक्षांच्या डोक्यात नको. छोट्या छोट्या देणग्या गोळा करणं कंटाळवाणं काम असतं हे मान्य, पण शंभर रुपये देणारा माणूस सभेलाही येतो, हा त्यातला खरा फायदा. मोठा चेक देणारा फक्त उद्घाटनाला येतो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, त्यांनी तर हे टोकाला नेलंय. बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायचीच नाही, सभासदांनी जे टोपीत टाकलं त्यावर चालवायचं. 1935 पासून चाललंय. 1955 मध्ये हयात संस्थापकाने सगळ्यांसमोर सूत्रं निवडलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे दिली. सगळ्यांना हे जमणार नाही, दवाखाना किंवा शाळा अशी चालवता येत नाही, पण सूत्रं द्यायची तर चारचौघांत आणि तारीख ठरवून, हे तरी घेण्यासारखं आहे.

अजून एक, आणि हे जरा नाजूक आहे. काम संपलं तर? म्हणजे ज्यासाठी संस्था काढली तेच झालं तर? अमेरिकेत 1938 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पोलिओसाठी संस्था काढली, मार्च ऑफ डाइम्स म्हणून ती ओळखली जाते, लोकांनी अक्षरशः चिल्लर पाठवून तिला मोठं केलं, त्या पैशांतून संशोधन झालं, 1954 मध्ये अठरा लाख मुलांवर चाचणी झाली आणि 1955 मध्ये साल्कची लस यशस्वी जाहीर झाली. आता? देशभर शाखा, हजारो स्वयंसेवक, आणि शत्रू हरलेला. त्यांनी 1958 मध्ये जन्मतः असणारे दोष हा नवा विषय घेतला आणि संस्था चालू राहिली. यावर टीका करणारे म्हणतात की संस्था टिकवायला काम शोधलं. असेलही थोडं. पण मला यात चूक दिसत नाही, कारण उघडपणे ठरवून बदल केला, जुन्या पाटीखाली गुपचूप दुसरंच दुकान नाही थाटलं. आमच्याकडे उद्दिष्टं कालबाह्य होऊन पंचवीस वर्षं झाली तरी अहवालाच्या पहिल्या पानावर तीच छापतात, कारण घटना दुरुस्ती करायची म्हणजे सभासदांकडे जावं लागतं, आणि सभासदांकडे जायचं तर यादी, आणि यादीचं मी वर सांगितलंच.

पगारी माणसांबद्दलही कुणी बोलत नाही. मोठी संस्था निव्वळ स्वयंसेवेवर चालत नाही, तिला हिशोबनीस लागतो, व्यवस्थापक लागतो, आणि त्यांना बाजारात मिळतो तसा नसला तरी धड पगार लागतो. कार्यकारिणीने धोरण ठरवायचं आणि या लोकांना रोजचं काम करू द्यायचं, पण होतं असं की व्यवस्थापकाला शिपायाची रजा मंजूर करायचा अधिकार नसतो आणि चूक झाली की जबाबदार मात्र तोच. चांगली माणसं दोन वर्षांत सोडून जातात. मग सगळी माहिती पुन्हा अध्यक्षांकडेच, आणि मग "त्यांच्याशिवाय चालतच नाही" हे खरंच होऊन बसतं.

जुन्या अध्यक्षांचं काय करायचं हाही प्रश्न असतोच. सल्लागार करा, मार्गदर्शक करा, काहीही नाव द्या, पण मताचा अधिकार आणि चेकवरची सही नको. आणि शक्यतो ऑफिसात टेबल तर अजिबात नको, कारण लोकं सवयीने त्याच टेबलाकडे जातात आणि नवीन अध्यक्ष बिचारे दाराशी उभे.

आता आपल्या पेपरला एक विनंती. अध्यक्षांच्या अमृत महोत्सवी सत्काराच्या बातम्या आपण भरपूर छापता, छापा, माझी हरकत नाही. फक्त त्या बातमीखाली तीन गोष्टी द्या: पदावर कधीपासून आहेत, शेवटची निवडणूक कधी झाली आणि त्यात उमेदवार किती होते. "बिनविरोध" असं उत्तर आलं तर कितव्यांदा, तेवढं विचारून घ्या.

आपली,
एक जुनी सभासद